राखून ठेवलेले खेळाडू

१९३७ साली न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहराचा बेसबॉल संघ, न्यूअर्क बेअर्स, १०९ सामने जिंकला आणि ४३ हरला. इंटरनॅशनल लीगमध्ये दुसरा आलेला संघ त्याच्यापेक्षा साडेपंचवीस सामन्यांनी मागे होता. चार्ली केलर नावाचा, जेमतेम विशीतला आउटफिल्डर ०.३५३ च्या सरासरीने लीगमधला पहिल्या क्रमांकाचा फलंदाज ठरला. बेसबॉलमध्ये दहा वेळा फलंदाजीला येऊन तीनदा हिट मारणारा माणूस उत्तम समजला जातो, हे लक्षात घेतले की या आकड्याचे वजन कळते. दुसऱ्या बेसवर जो गॉर्डन, पहिल्यावर जॉर्ज मॅकक्विन, तिसऱ्यावर बेब डालग्रेन. हंगाम संपल्यावर कोलंबसच्या संघाशी झालेल्या मालिकेत न्यूअर्क घरच्या मैदानावर पहिले तिन्ही सामने हरले आणि मग कोलंबसला जाऊन ओळीने चार जिंकून मालिका घेऊन आले. या संघातले जवळजवळ सगळे नियमित खेळाडू पुढे मेजर लीगमध्ये खेळले. पण १९३७ मध्ये ते तिथे नव्हते. ते मायनर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या दुसऱ्या पायरीवर होते, कारण न्यूअर्क बेअर्सची मालकी १९३१ च्या अखेरीपासून न्यूयॉर्क यांकीजचे मालक जेकब रपर्ट यांच्याकडे होती आणि यांकीजकडे पहिल्या बेसवर लू गेरिग, आउटफिल्डमध्ये जो डिमॅजिओ उभे होते. बेसबॉलच्या इतिहासात याचे एकच स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते: वरती जागा नव्हती. ऐकायला ते पटते. पण त्या वेळी मेजर लीगमध्ये सोळा संघ होते आणि त्यांतल्या निम्म्यांना तरी मॅकक्विन किंवा केलर हवाहवासा वाटला असता. जागा नव्हती ती फक्त एका संघात.

माझे म्हणणे एवढेच आहे की मायनर लीगमध्ये अडकून पडलेला गुणी खेळाडू हा गुणवत्तेच्या चाळणीतून गळलेला माणूस नव्हता. मालकीच्या कायद्याने त्याला साठवून ठेवले होते, आणि असा साठा करता येणे हाच त्या सगळ्या व्यवस्थेचा नफा होता. याची मुळे बरीच मागे जातात. १८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी आपापसांत ठरवले की प्रत्येक क्लब पाच खेळाडू ‘राखीव’ ठेवील आणि इतरांनी त्यांना हात लावायचा नाही. पाचाचे पुढे सगळेच झाले. करार वर्षाचा असला तरी त्यातल्या राखीव कलमामुळे क्लबला तो पुन्हा पुन्हा वाढवता येई; खेळाडूला मात्र नोकरी सोडून दुसऱ्या क्लबकडे जाण्याची सोय नव्हती, फक्त खेळ सोडण्याची होती. १९०१ मध्ये शिकागोत मायनर लीगवाल्यांची राष्ट्रीय संघटना झाली, १९०३ मध्ये मोठ्यांचा आणि लहानांचा करार झाला, आणि हेच बंधन खालपर्यंत झिरपले. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती होम्स यांच्या निकालपत्रात, बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू होत नाही असे ठरवले. म्हणजे पोलाद किंवा तेलाच्या कंपन्यांना जे करायला बंदी होती ते बेसबॉलच्या मालकांना राजरोस करता येत होते.

या पायावर इमला चढवला तो ब्रँच रिकी यांनी. सेंट लुई कार्डिनल्स हा त्यांचा क्लब गरीब होता. रिकींची नजर तयार होती, पण त्यांनी हेरलेला पोरगा शेवटी न्यूयॉर्कचा एखादा श्रीमंत क्लब जास्त पैसे टाकून उचलून नेई. मग त्यांनी खेळाडू विकत घेण्याऐवजी खेळाडू तयार करणारे क्लबच घ्यायला सुरुवात केली: ह्यूस्टन, फोर्ट स्मिथ, सिराक्यूज. ज्या पोरांना कोणी विचारत नव्हते त्यांची शेकड्यांनी चाचणी शिबिरे भरवली, स्वस्तात करार केले, आणि खालच्या पायरीवरून वर सरकवत नेले. १९४० च्या सुमारास कार्डिनल्सच्या हाताखाली तीसहून अधिक क्लब आणि सहाशेहून अधिक खेळाडू होते. मेजर लीगच्या संघात जागा होती पंचवीसांना. बाकीच्यांचे काय, हा प्रश्न रिकींना पडला नसेल असे नाही. उलट त्यांचा सगळा हिशेबच त्या बाकीच्यांवर उभा होता. कोणता पोरगा मोठा होईल हे आधी कळत नाही, म्हणून भरपूर गोळा करायचे. त्यातून आपल्याला हवे ते घ्यायचे, उरलेल्यांतले चांगले इतर क्लबांना विकायचे आणि त्या विक्रीवर स्वतःचा टक्काही घ्यायचा. भाव चढेपर्यंत कांदा चाळीत ठेवणाऱ्या व्यापाऱ्याचा आणि या पद्धतीचा हिशेब एकच आहे, फरक इतकाच की कांद्याला वय वाढल्याचे दुःख नसते. व्यवस्था म्हणून ती विलक्षण यशस्वी झाली हे मान्यच करावे लागते. १९२६ ते १९४६ या काळात कार्डिनल्सने नॅशनल लीग नऊदा जिंकली आणि वर्ल्ड सीरिज सहादा.

या साठ्याविरुद्ध उभा राहिला तो बेसबॉलचा आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस. हा माणूस मुळात न्यायाधीश, स्वभावाने हट्टी आणि कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बाबतीत अनुदार. त्याला खेळाडूंचा कैवारी म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण एकाच मालकाने खालच्या गावांतले क्लब गिळावेत, एका लीगमधल्या एकाहून अधिक संघांवर छुपा ताबा ठेवावा, हे त्याला खपत नव्हते. १९३७ मध्ये टॉमी हेन्रिक या खेळाडूने त्याला पत्र लिहून तक्रार केली की क्लीव्हलँड क्लब मला आपल्या मायनर साखळीत फिरवत ठेवतो आहे आणि माझी वाट अडवतो आहे. लँडिसने चौकशी करून त्याला मोकळे केले. एका चिठ्ठीने मोकळ्या झालेल्या हेन्रिकवर क्लबांच्या उड्या पडल्या आणि यांकीजनी त्याला २५,००० डॉलर देऊन घेतले. कालपर्यंत ज्याला ‘अजून तयार नाही’ म्हणत होते त्याची ही किंमत. (आणि हाच हेन्रिक यांकीजच्या आउटफिल्डमध्ये आल्यामुळे केलरला १९३८ चा हंगामही न्यूअर्कमध्येच काढावा लागला, तिथे त्याने ०.३६५ ची सरासरी गाठली. १९३९ मध्ये अखेर वर बोलावल्यावर पहिल्याच वर्षी ०.३३४.) मार्च १९३८ मध्ये लँडिसने कार्डिनल्सच्या साखळीतले सत्तरहून अधिक खेळाडू एका आदेशाने मोकळे केले, आणि जानेवारी १९४० मध्ये डेट्रॉइट टायगर्सचे नव्वदच्या घरात. कार्डिनल्सच्या त्या घोळक्यात पीट रायझर नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा होता. तो ब्रुकलिन डॉजर्सकडे गेला. असे सांगतात की रिकी आणि ब्रुकलिनचे लॅरी मॅकफेल यांच्यात खासगीत ठरले होते की रायझरला खालच्या लीगमध्ये दडवून ठेवायचे आणि गवगवा निवला की परत करायचे. पण मॅनेजर लिओ ड्यूरोशरने त्याला सराव सामन्यांत उतरवले आणि पोराने इतके हिट मारले की तो दडवण्याजोगा राहिला नाही. ती कहाणी खरी असो वा रंगवलेली, १९४१ मध्ये रायझर ०.३४३ च्या सरासरीने नॅशनल लीगचा अव्वल फलंदाज झाला, हे नोंदीतले सत्य आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. मायनर लीगमधली कामगिरी म्हणजे मेजर लीगची हमी नव्हे. जो हॉझरने १९३० मध्ये बाल्टिमोरसाठी ६३ आणि १९३३ मध्ये मिनिआपोलिससाठी ६९ होमरन मारले. त्या आकड्यांवर भाळून त्याला कोणी बेब रूथच्या पंक्तीला बसवणार नाही. मैदाने लहान होती, पिचर दुय्यम होते. लँडिसने मोकळे केलेल्या सत्तर-पंचाहत्तर जणांतही रायझरच्या उंचीचा दुसरा कोणी निघाला नाही. मग अडकलेले बहुतेक जण योग्य जागीच अडकले होते असे का म्हणू नये? मॅकक्विनचे उदाहरण तर आक्षेप घेणाऱ्यांच्याच बाजूचे वाटते: १९३६ मध्ये यांकीजनी त्याला सिनसिनाटीकडे दिले होते, तिथे ३८ सामन्यांत त्याची सरासरी ०.२०१ भरली आणि माल पसंत नाही म्हणून तो परत आला. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९३७ च्या न्यूअर्कमधल्या हंगामानंतर ड्राफ्टच्या नियमाने सेंट लुई ब्राउन्सने त्याला उचलले. हा नियम असा की ठरावीक काळ मायनर लीगमध्ये ठेवलेल्या खेळाडूला, त्याच्या मालकाची इच्छा असो वा नसो, दुसरा क्लब ठरलेली रक्कम भरून घेऊ शकतो. १९३८ मध्ये ब्राउन्सकडून पूर्ण हंगाम खेळायला मिळाल्यावर मॅकक्विनने ०.३२४ ची सरासरी गाठली आणि ओळीने ३४ सामन्यांत हिट मारले. १९४४ मध्ये ब्राउन्स त्यांच्या इतिहासात एकदाच वर्ल्ड सीरिजला पोहोचले तेव्हा पहिला सामना त्याच्याच होमरनने जिंकला. आणि १९४७ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो यांकीजचा पहिला बेसमन म्हणून ०.३०४ च्या सरासरीने खेळला व विजेता झाला. १९३० पासून ज्यांनी त्याला खाली ठेवले त्यांनाच अखेर तो लागला. ३८ सामन्यांचा निकाल आणि सलग हंगामांचा निकाल यांत जो फरक आहे, तोच फरक साठवलेल्या खेळाडूला कधी दाखवता येत नसे, कारण दुसरी संधी द्यायची की नाही हे ठरवणारा क्लब त्या संधीचा गरजवंत नव्हता. सत्तरांत एक रायझर निघतो म्हणून सत्तर जणांना धरून ठेवणे क्लबला परवडत होते. ते एकोणसत्तर जणांना परवडत होते का, हा वेगळा प्रश्न आहे.

आपल्याकडच्या वाचकाला इथे पद्माकर शिवलकर आठवल्याशिवाय राहणार नाहीत. प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि एकही कसोटी नाही, कारण डावखुऱ्या फिरकीसाठी समोर बिशनसिंग बेदी होते. खेळ म्हटला की असे कोणीतरी मागे राहणारच, असा सूर मग लागतो. पण दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. भारताचा कसोटी संघ एकच होता. बेदी आणि शिवलकर यांच्यातली निवड चुकली असेल किंवा बरोबर असेल, निवडीला पर्याय नव्हता. मॅकक्विन गेरिगपेक्षा चांगला आहे असे कोणीच म्हटले नाही. जून १९२५ पासून एप्रिल १९३९ अखेरपर्यंत गेरिग ओळीने २१३० सामने खेळला. त्याच्या जागी दुसऱ्याला उतरवण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता उरलेल्या पंधरा संघांच्या पहिल्या बेसचा, आणि त्याचे उत्तर खेळाच्या मैदानावर ठरत नव्हते.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. हा साठा रिकींनी शोधून काढला असे मानणे चूक आहे, कारण स्वतंत्र मायनर क्लबही तेच करत होते. बाल्टिमोर ओरिओल्सचे मालक जॅक डन यांनी लेफ्टी ग्रोव्ह या पिचरला १९२० ते १९२४ इतका काळ आपल्याकडेच ठेवले. त्याचे १०८ विजय आणि ३६ पराभव झाले, ओरिओल्सने १९१९ पासून सलग सात वर्षे लीग जिंकली, आणि डननी अखेर ग्रोव्हला १,००,६०० डॉलरला फिलाडेल्फियाला विकले. ग्रोव्ह मेजर लीगमध्ये गेला तेव्हा पंचविशीचा होता आणि तरीही ३०० विजय मिळवून निवृत्त झाला. पाच वर्षे आधी गेला असता तर किती मिळवले असते याचे गणित ज्याचे त्याने करावे. हे सगळे खरे आहे. पण डन यांना ग्रोव्हला ठेवता आले याचे कारण त्या काळात इंटरनॅशनल लीगने ड्राफ्ट झुगारून दिला होता. म्हणजे अडवणूक क्लबच्या जातीमुळे होत नव्हती, अडवण्याचा हक्क ज्याच्या हाती असे तो अडवत असे. शिवाय डन यांना अखेर विकण्यात फायदा होता आणि गिऱ्हाइके अनेक होती. साखळीत अडकलेल्याचा विक्रेता आणि गिऱ्हाईक एकच घर झाले. अर्थशास्त्रज्ञ सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ मध्ये मांडले की खेळाडू कोणाच्याही मालकीचा असो, तो जिथे सर्वांत जास्त कमाई करून देतो तिथेच शेवटी पोहोचतो, कारण मालक त्याला विकून पैसा करील. तर्क चोख आहे, आणि रिकी स्वतः विकतच होते. त्यात फक्त एक गोष्ट धरलेली नाही, ती म्हणजे वेळ. बेसबॉलपटूची भरभराटीची वर्षे सात-आठ असतात. मालकाच्या सोयीने चार वर्षे उशिरा झालेली विक्री मालकाच्या वहीत नफाच दाखवते. खेळाडूची ती वर्षे मात्र कोणाच्याच वहीत जमा होत नाहीत.

या व्यवस्थेचा सगळ्यांत चर्चिला गेलेला नमुना मात्र १९५४ चा आहे, आणि त्यात खेळाडू खरोखरच मायनर लीगच्या बाकावर बसलेला आहे. ब्रुकलिन डॉजर्सनी फेब्रुवारी १९५४ मध्ये पोर्तो रिकोच्या एकोणीस वर्षांच्या रोबेर्तो क्लेमेंतेला १०,००० डॉलर बोनस देऊन करारबद्ध केले आणि माँट्रियल रॉयल्स या आपल्या मायनर संघाकडे धाडले. तेव्हाच्या नियमानुसार ४,००० डॉलरहून अधिक बोनस घेतलेल्या पोराला मेजर लीगच्या संघात ठेवावे लागे, नाहीतर हंगामाअखेरीस ड्राफ्टमध्ये कोणीही उचलू शके. माँट्रियलमध्ये त्या वर्षी क्लेमेंते ८७ सामन्यांत मैदानावर आला, पण त्याच्या नावावर फलंदाजीच्या नोंदी १४८ च, सरासरी ०.२५७. रूढ कहाणी अशी की डॉजर्सनी त्याला मुद्दाम बाकावर दडवला, चांगला खेळला की काढून घ्यायचे, वाईट खेळला की ठेवायचे, म्हणजे इतर क्लबांचे लक्ष जाऊ नये. नंतरच्या अभ्यासकांनी एकेका सामन्याचा धावफलक उलगडून पाहिला आणि या कहाणीतली बरीच हवा काढली: माँट्रियलकडे आउटफिल्डरांची गर्दी होती, हंगामाच्या उत्तरार्धात क्लेमेंते बऱ्यापैकी नियमित खेळला, आणि तोही बहुतेक डावखुऱ्या पिचरांसमोर, जशी उजव्या हाताच्या फलंदाजाची वाटणी तेव्हा होत असे. मॅनेजर मॅक्स मेकन यांनीही दडवण्याचा आदेश होता हे कधी मान्य केले नाही. मला ही दुरुस्ती पटते. पण ती मान्य केल्याने माझा मुद्दा हलका होत नाही, उलट भक्कम होतो. कटाची गरजच नव्हती. डॉजर्सच्या साखळीत इतके आउटफिल्डर साचले होते की विसाव्या शतकातला एक सर्वोत्तम खेळाडू, कोणाचाही वाईट हेतू नसताना, गर्दीत हरवू शकत होता. त्याला शोधले ते पिट्सबर्गच्या क्लाइड सुकफोर्थ यांनी. ते आले होते जो ब्लॅक या पिचरला पाहायला. सामन्याआधीच्या सरावात आउटफिल्डमधून येणारे क्लेमेंतेचे फेक पाहून थांबले. पिट्सबर्ग त्या वर्षी तळाला होते, म्हणून ड्राफ्टमध्ये पहिली निवड त्यांची. २२ नोव्हेंबर १९५४ रोजी ४,००० डॉलर भरून त्यांनी क्लेमेंते घेतला. आणि पिट्सबर्गचे महाव्यवस्थापक तेव्हा कोण होते? ब्रँच रिकी. १९४२ ते १९५० या काळात डॉजर्सची ती साखळी वाढवणारेही तेच. आपण भरलेल्या कोठारात काय पडून असते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार! क्लेमेंते पुढे पिट्सबर्गकडून अठरा हंगाम खेळला आणि बरोबर ३००० हिट मारून गेला.

साठा करण्याचा हक्क एकदा हाती असला की तो कुठल्याही कारणासाठी वापरता येतो, हे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बाबतीत सगळ्यांत उघडपणे दिसते. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनमुळे मेजर लीगचे दार त्यांना उघडले खरे, पण किती जणांना आत घ्यायचे याचा अलिखित आकडा अनेक क्लबांच्या मनात होता. रे डँड्रिज हा तिसऱ्या बेसवरचा, निग्रो लीगमध्ये नावाजलेला खेळाडू १९४९ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या मिनिआपोलिस संघात आला. पहिल्याच वर्षी ०.३६२, दुसऱ्या वर्षी अमेरिकन असोसिएशन लीगचा सर्वोत्तम खेळाडू. १९५१ मध्ये त्याच संघात विली मेज ३५ सामने खेळला, ०.४७७ च्या सरासरीने धुमाकूळ घातला आणि त्याला बोलावणे आले. डँड्रिज तिथेच राहिला, चारही वर्षे. त्याचे वय पस्तिशीच्या पुढे होते हा आक्षेप खोटा नाही. मेज विशीचा होता आणि अलौकिक होता. पण मेजर लीगच्या संघांत पस्तिशीतले गोरे राखीव खेळाडू सर्रास दिसत, आणि एका सामन्यासाठीही त्याला वर नेण्यात जायंट्सचे काय जात होते? व्हिक पॉवरच्या बाबतीत तर वयाची सबब नाही. यांकीजच्या कॅन्सस सिटी संघाकडून १९५३ मध्ये त्याने ०.३४९ ची सरासरी गाठून लीग गाजवली. यांकीजनी त्याला एकदाही वर न बोलावता डिसेंबरमध्ये फिलाडेल्फियाला देऊन टाकले. पहिल्या बेसवरच्या क्षेत्ररक्षणासाठी त्याने पुढे सात गोल्ड ग्लव्ह मिळवले. यांकीजकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, एल्स्टन हॉवर्ड, मैदानात उतरला तो १९५५ मध्ये. डँड्रिजला १९८७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतले, मेजर लीगचा एकही सामना त्याच्या नावावर नसताना.

अडकलेल्यांपैकी एकाने हा प्रश्न थेट न्यायालयात नेला. जॉर्ज टूलसन हा न्यूअर्कचाच पिचर. यांकीजनी १९४९ नंतर तो क्लब विकून टाकला आणि त्याला खालच्या पायरीवर बिंगहॅम्टनला पाठवले. तो गेला नाही, म्हणून त्याला अपात्र ठरवून खेळच बंद केला. त्याचे म्हणणे असे की माझ्यासारख्याला यांकीजच्या साखळीत वर जागा नाही आणि बाहेर जाऊ दिले जात नाही. नोव्हेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी दावा फेटाळला. बहुमताचा निकाल एका परिच्छेदाचा, त्याखाली कोणा न्यायमूर्तीचे नाव नाही: १९२२ पासून धंदा या समजुतीवर उभा आहे, बदल करायचा तर अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) करावा. टूलसन काही मोठा पिचर नव्हता, आणि म्हणूनच त्याचा खटला मला महत्त्वाचा वाटतो. केलर किंवा क्लेमेंते अखेर कुठल्यातरी फटीतून बाहेर पडतात. साधारण गुणांच्या माणसाला फट सापडत नाही. त्याला नियमच लागतो.

साखळीच्या बाजूने एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. महामंदीत १९३३ चा हंगाम सुरू झाला तेव्हा मायनर लीग जेमतेम १४ उरल्या होत्या, आणि मोठ्या क्लबांच्या पैशाने त्या जगल्या. १९४९ मध्ये ५९ लीग आणि साडेचारशेच्या आसपास संघ होते, प्रेक्षकसंख्या चार कोटींच्या जवळ गेली. त्यानंतर दूरचित्रवाणी आली, लोक घरी बसून मेजर लीग पाहू लागले आणि गावोगावचे संघ बंद पडत गेले. साठा आपोआप घटला. १९६५ पासून नव्या खेळाडूंचा ड्राफ्ट सुरू झाला, त्यामुळे श्रीमंत क्लबाला शेकडो पोरे गोळा करणे जमेना. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी मेसरस्मिथ आणि मॅकनली या खेळाडूंच्या बाजूने निकाल देऊन राखीव कलमाची कायमची मुदत मोडली. पण वरच्यांना स्वातंत्र्य मिळाले म्हणून खालच्यांना मिळाले असे झाले नाही. संघटना मेजर लीगच्या खेळाडूंची होती. मायनरमधला खेळाडू सात हंगाम पहिल्या करारालाच बांधलेला राहिला. मॅकक्विनला सोडवणारा ड्राफ्ट आजही दर डिसेंबरला ‘नियम क्रमांक ५’ या नावाने होतो. १९९९ मध्ये त्याच वाटेने ह्यूस्टनकडून सुटलेला योहान सांताना मिनेसोटाकडे पोहोचला आणि २००४ व २००६ चा सर्वोत्तम पिचर झाला. बाकीच्यांसाठी साठा स्वस्तच राहिला. इतका स्वस्त की २००८ मध्ये पिट्सबर्गने दूरचित्रवाणीवरच्या एका स्पर्धेतून निवडलेल्या, त्याआधी भालाफेक करणाऱ्या रिंकू सिंह आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन मुलांना करार देऊन टाकला. त्यात दोन माणसे वाढल्याने क्लबच्या खर्चात फारसा फरक पडत नव्हता.

हा स्वस्तपणा पुढे २०१८ च्या एका कायद्याने पक्काही केला, ज्याने मायनर लीगच्या खेळाडूंना किमान वेतनाच्या तरतुदींतून बरेचसे वगळले. वेतनाबद्दलचा वेगळा सामूहिक दावा २०२२ मध्ये १८.५ कोटी डॉलर देऊन मिटवावा लागला. त्याआधी २०२१ मध्ये मेजर लीगने आपल्याशी संलग्न संघ १६० वरून १२० वर आणले होते. अनेक गावांचे मैदान ओस पडले, पण बाकही आखूड झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू पहिल्यांदा संघटनेत आले आणि २०२३ च्या त्यांच्या पहिल्या सामूहिक करारात सर्वांत वरच्या पायरीवरचे किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० वर गेले. एका क्लबला आपल्या मायनर यादीवर १८० देशांतर्गत खेळाडू ठेवता येत. २०२४ पासून ते १६५. आणि एकोणीस वर्षे किंवा त्याहून मोठ्या वयात करार करणाऱ्या नव्या खेळाडूवरचा क्लबचा हक्क सात वर्षांवरून सहावर आणण्यात आला.  यादी लहान करण्याचा हक्क मात्र त्याच करारात क्लबांनी मिळवला.